इराणमधलं खेडं: 'कंदोवान' तीन ठिकाणी सापडतंय, खरं कोणतं? आणि लोकसंख्येचा आकडा कितपत धरायचा?

भूगोलवेडी

इराणमधल्या काही खेड्यांची चार-चार ओळींची टिपणं मराठीत करायची आहेत. प्रत्येकात ठिकाण आणि लोकसंख्या एवढंच. 'कंदोवान'पाशी गाडं अडलंय. हाती असलेली नोंद अशी:

कंदोवान, पूर्व अझरबैजान. ३७°४७′, ४६°१५′. लोकसंख्या ६०१, कुटुंबं १६८.

वर्ष दिलेलं नाही. नकाशात नुसतं नाव टाकलं की टाचणी तेहरानच्या उत्तरेला, चालूसच्या घाटरस्त्यावर पडते. आकडे ३७.४७, ४६.१५ असे टाकले तर मराघे शहराच्या जवळपास माळावर, तिथे या नावाचं काहीच नाही. एका यादीत 'कंदोवान' मियाने शहराच्या खाली दाखवलंय. यातलं खरं कोणतं? ६०१ हा आकडा आजचा म्हणून लिहावा का? आणि रूस्ता, देह, आबादी हे तिन्ही शब्द 'खेडं' म्हणूनच घ्यायचे का?

उभीआडवी

आधी टाचणीचं बघू, ते सोपं आहे. तुमच्या नोंदीतल्या ४७ आणि १५ या कला (अंशाचे साठावे भाग) आहेत, दशांश नव्हेत. ६० ने भागा: ४७ ÷ ६० = ०.७८३ आणि १५ ÷ ६० = ०.२५. म्हणजे नकाशात टाकायचं ३७.७८३, ४६.२५०. तुम्ही अंशाचं चिन्ह काढून तिथे टिंब दिलंत, त्यामुळे गाव ३५ किलोमीटर दक्षिणेला आणि जवळजवळ ९ किलोमीटर पश्चिमेला सरकलं. मराघ्याचा माळ आला तो तिथून.

ही चूक ओळखायची एक खूण आहे. यादीतल्या सगळ्या गावांच्या टिंबानंतरच्या पहिल्या दोन आकड्यांवर नजर फिरवा. एकही ६० च्या वर जात नसेल, तर कुणीतरी कला दशांश म्हणून उतरवल्या आहेत.

दुसरी नेहमीची चूक उलटापालटीची. इराण साधारण २५ ते ४० उत्तर अक्षांश आणि ४४ ते ६३ पूर्व रेखांश यांत बसतं. पहिला आकडा ४४ च्या वर दिसला तर अदलाबदल झालेली आहे. तुमचेच आकडे उलटे टाकून बघा, कंदोवान थेट अझोव्हच्या समुद्रात बुडेल.

नोंद फक्त कलांपर्यंत असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. अक्षांशाची एक कला म्हणजे १.८५ किलोमीटर, या पट्ट्यात रेखांशाची एक कला सुमारे १.४७ किलोमीटर. जवळच्या कलेला आकडा नेला असेल तर गाव टाचणीपासून किलोमीटरभर इकडेतिकडे असू शकतं. डोंगराळ भागात तेवढ्यात शेजारचं गाव येतं. म्हणून टाचणी पडली की उपग्रहचित्रात ती हाताने वस्तीवर सरकवायची, आणि दशांश चार स्थळांपर्यंत लिहायचे. चौथं स्थळ म्हणजे ११ मीटर, खेड्याला तेवढं पुष्कळ. सहा-सात स्थळं लिहिणं म्हणजे गावाच्या मध्यावर कुणाचा तरी दरवाजा निवडणं.

आता खरं कोणतं. चालूस रस्त्यावरचं कंदोवान म्हणजे घाटमाथा आणि त्याखालचा बोगदा. बोगदा १९३० च्या दशकातला आहे आणि अल्बोर्ज पर्वतरांगेत आहे. तुमचं गाव तिथून साडेचारशे किलोमीटरहून जास्त दूर, तबरीझच्या दक्षिणेला सहंद पर्वताच्या उतारावर. ज्वालामुखीच्या राखेच्या सुळक्यांत कोरलेल्या घरांचं गाव ते हेच. तिथे उपग्रहचित्रात छपरं शोधाल तर फसाल. सुळक्यांच्या टोकदार सावल्या शोधा.

रकानेवाला

मियान्याचा गुंताही सोडवतो. तिथे कंदोवान नावाचं *बख्श* आहे, म्हणजे प्रशासकीय विभाग. गाव नाही. प्रांत तोच असल्यामुळे यादी करणाऱ्याची गल्लत झाली असणार.

इराणमध्ये पायऱ्या अशा आहेत: ओस्तान (प्रांत), त्याखाली शहरेस्तान, त्याखाली बख्श, त्याखाली देहेस्तान, आणि देहेस्तानात गावं. शहरेस्तानला आपल्याकडे कुणी जिल्हा म्हणतं, कुणी तालुका. माझं मत: मूळ शब्द ठेवा. एकदा का बख्शला 'जिल्हा' लिहिलं की पुढच्या माणसाला तो शब्द कोणत्या पायरीचा ते कळत नाही आणि पुढच्या सगळ्या नोंदी नासतात.

तुमच्या गावाची पूर्ण साखळी: पूर्व अझरबैजान ओस्तान, ओस्कू शहरेस्तान, मरकज़ी बख्श, सहंद देहेस्तान, कंदोवान. यात दोन सापळे आहेत. एक, 'मरकज़ी' म्हणजे मध्यवर्ती. जवळजवळ प्रत्येक शहरेस्तानात एक मरकज़ी बख्श असतं, त्यामुळे ओळख पटवायला त्याचा उपयोग शून्य. वर मरकज़ी नावाचा एक अख्खा प्रांतही आहे, अराक शहराचा. त्यामुळे 'मरकज़ी' वाचून गाव अराककडे नेऊ नका. दोन, सहंद हे पर्वताचंही नाव, देहेस्तानाचंही, आणि त्याच ओस्कू शहरेस्तानात वसवलेल्या नव्या शहराचंही.

नाव जुळलं म्हणजे गाव जुळलं असं इथे कधीच धरू नये. साखळीतली निदान तीन नावं जुळली पाहिजेत, आणि त्यांत देहेस्तान हवंच.

६०१ आणि १६८ हे आकडे १३८५ च्या सरशोमारीतले, म्हणजे २००६ च्या जनगणनेतले. तेव्हा आजचा आकडा म्हणून अजिबात लिहू नका. जनगणना करणारं खातं 'मरकज़-ए आमार-ए ईरान'. पहिली देशव्यापी जनगणना १३३५ (१९५६) मध्ये, मग दर दहा वर्षांनी १३८५ पर्यंत, नंतर पाचच वर्षांनी १३९० (२०११) आणि १३९५ (२०१६). गावपातळीवर तुलना करायची तर शेवटच्या तिन्ही जनगणनांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवा.

शम्सी, म्हणजे इराणी सौर, वर्षात ६२१ मिळवले की इसवी सन येतो. फक्त १ जानेवारी ते नवरोज, म्हणजे २० किंवा २१ मार्च, या काळात ६२२ मिळवायचे. या जनगणना शरद ऋतूतल्या, त्यामुळे ६२१ च. १३८५ चं २००७ झालेलं दिसलं तर ते याच घोळातून.

कनातीच्या_कडेने

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. शब्दांचं मात्र थोडं सविस्तर, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

रूस्ता आणि देह म्हणजे गाव. आबादी म्हणजे गाव *नव्हे*, किंवा निदान नेहमीच नव्हे. जनगणनेच्या भाषेत शहराच्या हद्दीबाहेरची, स्वतःची वेगळी हद्द आणि नाव असलेली कोणतीही जागा ही आबादी. तिथे माणसं राहत असोत वा नसोत. त्यामुळे आबादींच्या यादीत खऱ्या गावाच्या शेजारी विहीर, पंप, शेतमळा, कारखाना, रेल्वेस्थानक, पोलीसचौकी असं सगळं बसलेलं असतं. नावाच्या सुरुवातीला 'चाह' (विहीर), 'तोलोम्बे' (पंप), 'मज़रए' (शेत), 'कारखाने', 'ईस्तगाह' (स्थानक), 'पासगाह' (चौकी) दिसलं की थांबा. त्यातली काही पुढे खरंच गावं झाली, म्हणून नाव बघून सरसकट गाळूही नका. खानवारांचा, म्हणजे कुटुंबांचा, आकडा बघा. पण पंपावर राहणाऱ्या दोन कुटुंबांना 'ऐतिहासिक खेडं' म्हणून टिपण लिहिलेलं बघवत नाही, आणि अशी टिपणं ढिगाने आहेत.

प्रशासकीय विभागांच्या १३६२ (१९८३) च्या कायद्यात रूस्ता म्हणवून घ्यायला किमान २० कुटुंबं किंवा १०० माणसं अशी अट आहे. कायदेशीर व्याख्या म्हणून ती उपयोगी, पण जनगणनेचा तक्ता त्या अटीने गाळलेला नसतो.

एकाच नावाची इतकी गावं का? इराणच्या कोरड्या भागात नवी वस्ती म्हणजे नवं पाणी. कुणी पैसा घालून कनात खणायची, म्हणजे डोंगरपायथ्यापासून उतारानं येणारा भूमिगत पाट, आणि पाणी बाहेर येतं तिथे वसलेल्या गावाला खणवणाऱ्याचं नाव अधिक 'आबाद'. हुसैन, अली, हसन, महमूद ही नावं घरोघरी, तेव्हा हुसैनाबाद आणि अलियाबाद पावलोपावली. याचा ठिकाण शोधायलाही फायदा होतो. उपग्रहचित्रात कनातीच्या हवाविहिरी एका रांगेत वड्यांसारख्या दिसतात: मध्ये भोक, भोवती उपसलेल्या मातीचं कडं. टाचणी उजाड माळावर पडली असेल तर ती रांग शोधा आणि उताराच्या दिशेनं चालत जा. रांग संपते तिथे हिरवा तुकडा आणि वस्ती. वस्ती ढासळलेली आणि हिरवं नाहीसं दिसलं तर कनात आटली असं समजा. मग तक्त्यात त्या आबादीपुढे रहिवासी नसल्याची नोंद मिळण्याची शक्यता मोठी.

नावापुढच्या शेपटीला हात लावू नका. 'ओल्या' म्हणजे वरचं, 'वुस्ता' मधलं, 'सोफ्ला' खालचं, ओढ्याच्या वाहण्याप्रमाणे. 'बाला' आणि 'पाईन' म्हणजेही वरचं आणि खालचं. 'बोज़ोर्ग' मोठं, 'कूचक' लहान. आपल्याला हे समजवायला नको: आपलं बुद्रुक आणि खुर्द फारसीतल्याच बुज़ुर्ग आणि खुर्दवरून आलंय. बुद्रुकची लोकसंख्या खुर्दला चिकटवली तर जे होईल तेच तिथेही.

वायव्येकडे आणखी एक भानगड. तिथले लोक अझरबैजानी तुर्की बोलतात आणि वरच्या-खालच्या गावाला 'युखारी' आणि 'आशागी' म्हणतात. सरकारी यादीत तेच गाव ओल्या आणि सोफ्ला म्हणून असतं. म्हणून टिपणात 'फारसी खेडं' असं लिहू नका. कंदोवान इराणी खेडं आहे, बोली तिथली तुर्की. कोरलेल्या घराला तिथे 'करान' म्हणतात.

भूगोलवेडी

फार उपयोगी. 'फारसी' लगेच काढते.

आता तक्त्यांत बसले तर नव्या अडचणी. (१) फारसीतलं नाव टाकून शोधलं तर कधी सापडतं, कधी नाही. गाव डोळ्यांना समोर दिसत असतं. (२) काही गावांपुढे लोकसंख्येच्या जागी तारा. (३) काही गावं २००६ मध्ये आहेत, २०१६ मध्ये नाहीत. ती ओस पडली असं लिहावं का?

रकानेवाला

(१) डोळ्यांना एकच दिसणारी अक्षरं संगणकाला वेगळी असतात. फारसी 'ये' आणि अरबी 'ये', फारसी 'काफ' आणि अरबी 'काफ' या स्वतंत्र खुणा आहेत. शब्दाच्या शेवटी अरबी 'ये'खाली दोन टिंबं दिसतात, फारसीत दिसत नाहीत. अरबी 'काफ'च्या पोटात छोटी खूण असते. पण शब्दाच्या मध्ये 'ये'चे दोन्ही प्रकार हुबेहूब. जुन्या फायलींत अरबी अक्षरं टंकलेली असण्याचा संभव जास्त. उपाय: शोधण्याआधी सगळ्या रकान्यात अरबी 'ये' आणि 'काफ' बदलून फारसी करून टाका. मग 'अलियाबाद'सारख्या नावांतली जागा: कुणी मध्ये पूर्ण मोकळी जागा सोडतं, कुणी अर्धी, कुणी सगळं सलग लिहितं. शोधण्यासाठी एक वेगळा रकाना करा आणि त्यात सगळ्या जागा उडवा. मूळ रकाना तसाच राहू दे.

आबादीला संकेतांक असतो. तो मिळाला की नावापेक्षा त्यावर विसंबा. पण फाईल उघडताना तो रकाना 'मजकूर' म्हणून उघडा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. पूर्व अझरबैजानचा संकेतांक ०३ आहे, त्याचा ३ होतो. मरकज़ी प्रांताचा तर ०० आहे, तो नुसता ० उरतो आणि मग साखळी जुळत नाही.

(२) तारा म्हणजे शून्य नव्हे. तीन-चार कुटुंबांपेक्षा कमी वस्ती असेल तर माणसांची माहिती उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. तिथे टिपणात 'वस्ती आहे, पण आकडा प्रसिद्ध करण्याइतकी नाही' एवढंच लिहायचं. 'निर्मनुष्य' लिहिणं चूक.

(३) ओस पडल्याचं नुसत्या गैरहजेरीवरून कधीच लिहू नका. ओळ गायब होण्याची तीन-चार कारणं असतात. गाव वाढून शहर झालं, मग ते शहरांच्या तक्त्यात जातं. शेजारच्या शहराच्या हद्दीनं ते गिळलं. किंवा दुसऱ्या शहरेस्तानात, अगदी दुसऱ्या प्रांतात गेलं. तबास बघा: आधी खोरासानात, मग यज़्दमध्ये, आता दक्षिण खोरासानात. तिथलं खेडं २००६ आणि २०११ ला यज़्दच्या फायलीत सापडेल, २०१६ ला दक्षिण खोरासानच्या. गाव जागचं हललेलं नाही. खोरासानचे २००४ मध्ये तीन प्रांत झाले, २०१० मध्ये तेहरानमधून अल्बोर्ज वेगळा निघून प्रांत ३१ झाले. म्हणून करजच्या, म्हणजे आजच्या अल्बोर्ज प्रांताच्या मुख्य शहराच्या, आसपासची गावं २००६ मध्ये तेहरानखाली आहेत. आधी शेजारच्या फायली चाळा, मग शहरांचा तक्ता, मग नावबदल. १९७९ च्या क्रांतीनंतर 'शाह' असलेली बरीच नावं बदलली. शाहाबाद-ए ग़र्बचं इस्लामाबाद-ए ग़र्ब झालं ते ठळक उदाहरण.

आणि शहर म्हणजे मोठं, गाव म्हणजे लहान हे डोक्यातून काढा. गिलानमधलं मासूले कागदोपत्री शहर आहे, लोकसंख्या हजाराच्याही आत.

उभीआडवी

आकडे उतरवताना एक ताळा. फारसी तक्ता उजवीकडून डावीकडे असतो. चिकटवताना रकाने उलटले की खानवार आणि लोकसंख्या यांची अदलाबदल होते. लोकसंख्येला खानवारांनी भागा. ६०१ ÷ १६८ = ३.६, ठीक. देशाची सरासरी २००६ मध्ये ४.०३ होती, २०११ मध्ये ३.५५, २०१६ मध्ये ३.३. उत्तर १ च्या खाली आलं तर रकाने उलटलेत. ९-१० आलं तर एखादा आकडा चुकलाय, किंवा ती वसतिगृहासारखी जागा आहे. पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण, हेही प्रत्येक ओळीला तपासा. फारसी शून्य नुसतं टिंब असतं आणि पाच बदामासारखा; छापील तक्ता धूसर असेल तर टिंब सुटतं आणि ६०१ चे ६१ होतात.

कनातीच्या_कडेने

एक भर. आकडा कोणत्या ऋतूतला ते खेड्याच्या बाबतीत फार महत्त्वाचं. शेवटच्या जनगणना शरदात झाल्या, मुख्यतः आबान महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. केरमान प्रांतातलं मेयमंद घ्या, खडकात कोरलेल्या घरांचं, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं. तिथले पशुपालक वर्षभरात डोंगरकुरण, मळे आणि कोरलेली घरं यांत फिरतात. कोरलेल्या घरांत मुक्काम हिवाळ्यात. शरदातला आकडा म्हणजे गाव भरायच्या सुमाराचा, तो हिवाळ्यातला मानू नका. (मेयमंद नावाचं शहर फार्स प्रांतातही आहे, गुलाबपाण्याचं. पुन्हा तेच: साखळी बघा.) पूर्णपणे भटक्या अशायर टोळ्यांची गणना तर वेगळीच झाली, १९८७, १९९८ आणि २००८ मध्ये. ती खेड्याच्या आकड्यात मिळवू नका.

२०१६ नंतरचा अंदाज हवा असेल तर गावातलं 'खाने-ए बेहदाश्त', म्हणजे आरोग्यघर, हा सर्वांत जवळचा स्रोत. तिथला बेहवर्ज़, गावपातळीवरचा आरोग्यसेवक, वर्षाच्या सुरुवातीला घरोघरची मोजणी करतो आणि जन्म-मृत्यूंसकट ती भिंतीवरच्या 'ज़ीज-ए हयाती' नावाच्या गोल तक्त्यावर भरतो. मात्र एका आरोग्यघराखाली मुख्य गाव आणि त्याची 'क़मर', म्हणजे उपग्रह, गावं असतात. आकडा एकट्या गावाचा की सगळ्यांचा मिळून, हे पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि तो जनगणनेच्या आकड्यांच्या रांगेत बसवू नका, वेगळ्या वाक्यात द्या. मोजायची रीत निराळी आहे.

भूगोलवेडी

टिपण असं झालं, नजर टाका:

"कंदोवान हे इराणच्या पूर्व अझरबैजान प्रांतातील ओस्कू शहरेस्तानच्या मरकज़ी बख्शमधील सहंद देहेस्तानातले गाव आहे. ते तबरीझच्या दक्षिणेला सहंद पर्वताच्या उतारावर वसले आहे. २००६ (१३८५) च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या ६०१ असून १६८ खानवार आहेत. चालूस रस्त्यावरील कंदोवान बोगदा आणि मियाने शहरेस्तानातील कंदोवान बख्श यांच्याशी या गावाचा संबंध नाही. ३७.७८३, ४६.२५०."

रकानेवाला

साखळी बरोबर. 'असून … आहेत' काढा. २००६ चा आकडा आहे, तेव्हा 'लोकसंख्या ६०१ होती आणि खानवार १६८ होते'. कंसातल्या १३८५ पुढे 'हिजरी शम्सी' लिहा, नाहीतर कुणीतरी ते चांद्र हिजरी समजून सन १९६५ वर नेऊन ठेवील.

उभीआडवी

आणि आकड्यांपुढे 'उ.' आणि 'पू.' लावा. टाचणी वस्तीवर सरकवली नसेल तर तीन स्थळं ठेवूच नका, नोंद कलांचीच आहे: ३७.७८ उ., ४६.२५ पू.